‘इथं’ म्हणजे कुठं?

आमच्या ऑफिसात दोन शब्दांना बंदी होती. एक ‘इथं’ आणि दुसरा ‘तिथं’. शिव्यांना बंदी नव्हती. शिव्या सर स्वतःच सढळ हातानं द्यायचे, आणि समोर कॉम्प्युटर आहे की माणूस, असा भेदभाव करायचे नाहीत. पण कुणी “सर, फाईल इथं ठेवलीय” म्हणालं की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, “इथं म्हंजे कुठं? तुझं इथं का माझं इथं?” मग ज्याच्या तोंडून तो शब्द गेला त्यानं जिना उतरून सगळ्यांसाठी चहा आणायचा. पहिल्या महिन्यात मी इतका चहा आणला की टपरीवाल्या मामांना वाटलं, मला त्याच कामासाठी ठेवलंय.

सर म्हणजे आमच्या छोट्याशा कंपनीतले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. मालक दुसरेच होते, पण ते आठवड्यातून एकदा येऊन सरांना नमस्कार करून जायचे, त्यामुळं मालक नक्की कोण याबद्दल नव्या माणसाचा गोंधळ उडायचा. सर साठीला टेकलेले, उंच, किडकिडीत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. दुपारचा डबा खानावळीतून यायचा. त्यातली भाकरी ते खायचे आणि भात शेजारच्याच्या ताटात न विचारता ढकलायचे. पाठीमागं आम्ही त्यांना पोस्टमास्तर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही असावं.

कारण पत्ता हा त्यांचा जीव की प्राण. एकदा मी त्यांच्याबरोबर स्टँडवर रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, “कुठं?” सर म्हणाले, “कोल्हापूर.”

रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. “काका, कोल्हापुरातच हाय की आपण.”

“असू दे. सुरवात वरनं करायची. कोल्हापूर, राजारामपुरी, मग गल्ली, मग घर. चल.”

रस्त्यात कुणी पत्ता विचारला आणि दुसऱ्यानं आपल्या पद्धतीनं “ह्या तालमीवरनं सरळ जावा, डाव्या अंगाला वळा” असं सांगितलं, तर सरांचं डोकं फिरायचं. “आरं, त्यो पावणा उद्या पलीकडनं आला तर? त्येचं डावं बदललं की.” मग ते त्या अनोळखी माणसाला थांबवून पूर्ण पत्ता सांगायचे. बिचाऱ्याला फक्त चपलांचं दुकान पाहिजे असायचं.

आमचं ऑफिस राजारामपुरीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली मिरची कांडपाची गिरणी. उन्हाळा लागला की बायका वर्षाची चटणी करून घ्यायला पोती घेऊन यायच्या आणि वर आम्ही पाच जण शिंकत, खोकत, नाक पुसत प्रोग्रॅम लिहायचो. गिरणीनं जोर धरला की लाईट जायची. आमचे ओले डोळे बघून बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, ऑफिसात कुणीतरी वारलंय. सर मात्र ढिम्म. त्यांच्या डोळ्यांतून कधी टिपूस आलेला मी पाहिला नव्हता.

त्यांच्या टेबलावर तीन कॉम्प्युटर असायचे. एकावर विंडोज, एकावर लिनक्स आणि तिसरा कोपरा फुटलेला मॅक. सर त्यांना तीन भाऊ म्हणायचे. “एकाच आईची पोरं, पर वाटणी झालीया. दारं येगळी, चुली येगळ्या, बोलणं येगळं. तुझ्या प्रोग्रॅमनं तिघांच्याबी घरी जेवून यायचं. एकाच्या घरी जेवून ढेकर द्यायचा न्हाय.” या तिघांत फाईलचा पत्ता लिहायची पद्धतसुद्धा एक नाही. विंडोजमध्ये एका फोल्डरातून दुसऱ्यात जाताना मध्ये उलटी तिरकी रेघ घालतात, बाकीच्या दोघांकडं सुलटी. सर त्यांना उलटी काठी आणि सुलटी काठी म्हणायचे. आणि त्यांचा नियम असा की कुठलीच काठी हातानं लिहायची नाही. प्रोग्रॅमच्या भाषेत पत्ता जोडून देणारी तयार सोय असते. तिला फक्त तुकडे द्यायचे. ज्याच्या घरात असेल त्याची काठी ती आपणहून घालते.

“तू कशाला मधी काठी घालतीस?” ते मला रोज एकदा तरी म्हणायचे.

“सर, माझ्या लॅपटॉपवर चालतंय की.”

“मग गिऱ्हाइकाला लॅपटॉप देऊन टाक.”

अशा बोलण्यानं सुधारणारी मी नव्हते. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, हाताला वेग होता आणि डोक्यात त्याहून जास्त हवा. आता पुण्यात आहे, तिथं माझं ‘मी जातो, मी करतो’ ऐकून लोक दचकतात आणि मला कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात हे समजावून सांगावं लागतं. त्या वेळी मात्र मीच सगळ्या जगाला समजावून सांगायला निघाले होते.

सरांचं खूळ अगदीच खूळ नाही, याची एक झलक मिळाली होती. एका शाळेचे दाखले छापायचं काम माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्रानं केलं. त्याच्या विंडोजवर दाखल्यावर शाळेचं चिन्ह झक्क दिसायचं, लिनक्सच्या सर्व्हरवर त्या जागी पांढरा चौकोन. तो दोन दिवस डोकं आपटत बसला. सरांनी स्क्रीनवर एकदाच पाहिलं. फाईलच्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर लहान होतं, यानं प्रोग्रॅममध्ये मोठं लिहिलं होतं. सर म्हणाले, “विंडोजला थोरलं-धाकटं कळत न्हाय, त्यो कुणालाबी आत घेतोय. लिनक्सकडं मानपान लई. नाव जसंच्या तसं घेतलं न्हाय तर दार उघडत न्हाय.” मित्रानं ते अक्षर बदललं, चिन्ह उमटलं. मी मनातल्या मनात हसले. हसायचं कारण एवढंच की ती चूक माझी नव्हती.

माझी चूक उन्हाळ्यात आली, चटणीच्या ऐन हंगामात.

कुरुंदवाडला एक फोटो स्टुडिओवाले काका होते. त्यांच्या वडिलांनी, त्यांना सगळे आबा म्हणत, त्या भागातली लग्नं, बारशी, कुस्त्यांचे सत्कार, दारात नवा ट्रॅक्टर आला की त्याला हार घालून उभं राहिलेलं अख्खं घर, असं सगळं उभ्या आयुष्यभर टिपलं होतं. आबांच्या माघारी काकांनी हौसेनं एकेक निगेटिव्ह स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवली. गावाचं फोल्डर, त्यात लग्नांचं फोल्डर, त्यात घराण्याचं नाव, अशी शिस्तीत मांडणी. पुढं महापूर आला. स्टुडिओत छताला पाणी टेकलं आणि निगेटिव्हचा लगदा झाला. काकांनी कॉम्प्युटर तेवढा डोक्यावर घेऊन शेजारच्या माडीवर नेला होता, म्हणून तो वाचला. पाणी ओसरल्यावर शिरोळपासून माणसं त्यांच्याकडं यायला लागली. त्यांच्या भिंतींवरचे फोटो चिखलात गेले होते. कुणाला आईचा फोटो पाहिजे होता, कुणाला वारलेल्या भावाचा. काकांनी ठरवलं, हे सगळे फोटो सर्व्हरवर ठेवायचे, म्हणजे ज्याचा त्यानं घरबसल्या बघावा आणि काढून घ्यावा.

हे काम सरांनीच आणलं होतं. ओळखीतनं आलंय, एवढंच म्हणाले. काकांच्या कॉम्प्युटरमधली डिस्क माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं, “ह्येची दुसरी कॉपी न्हाय. जुनं पुसायचं न्हाय. आधी सगळं तिघांच्या घरी बघायचं.” मी मान डोलावली. चार-पाच गावांमधल्या माणसांचे चेहरे आता त्या एका डिस्कवर उरले होते, हे मला कळत होतं. पण कळणं आणि अंगात मुरणं यात फरक असतो.

मी प्रोग्रॅम लिहिला. माझ्या लॅपटॉपवर, उलट्या काठ्या हातानं घालून. खाली गिरणी चालू असल्यानं दिवसातून चार वेळा लाईट जायची, मग मी दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक म्हणजे, मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं की प्रोग्रॅम आपोआप चालू होईल अशी व्यवस्था केली. दुसरी म्हणजे, फोटोची कॉपी न करता तो जुन्या डिस्कवरून थेट हलवायचा असं लिहिलं, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी काय राहिलं ते लगेच कळेल. सरांनी जुनं पुसू नको म्हणून सांगितलं होतं. मी स्वतःला समजावलं, आपण पुसत कुठं आहोत, हलवतोय.

डिस्क लिनक्सच्या सर्व्हरला जोडली. सर्व्हरवर गावांची रिकामी फोल्डरं आधीच करून ठेवली होती. मी प्रोग्रॅम हातानं चालवणार तोच लाईट गेली, परत आल्यावर तो आपणहून सुरू झाला आणि सकाळभर डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला. दुपारी प्रोग्रॅमनं सांगितलं, काम पूर्ण, एकही चूक नाही. काका तीन वाजता बघायला येणार होते. मी खुशीत शिरोळचं फोल्डर उघडलं. रिकामं. कुरुंदवाडचं उघडलं. रिकामं. सगळी गावं ओस पडलेली. घाईघाईनं जुनी डिस्क उघडली. तीही रिकामी.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार फोटोंचा आला नाही. आपली नोकरी गेली, हा आला. दुसरा मात्र फोटोंचा आला, आणि तो गेलाच नाही.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत काका येऊन बसले. अर्धा तास आधी. हातातल्या पिशवीत नदीकाठची वांगी. येताना एसटीत त्यांना कुणी भेटलं होतं, त्याच्या आजीचा फोटो आता मिळणार म्हणून त्यानं त्यांचं तिकीट काढलं, असं ते आमच्या मित्राला सांगत होते. मला एकेक शब्द ऐकू येत होता.

सर जेवून हात पुसत आत आले. मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. हलवायचं लिहिलं तेही सांगितलं. मला वाटलं, आता सगळी गल्ली ऐकेल. सरांचा चष्मा कपाळावर गेला, परत नाकावर आला.

“हात काढ कीबोर्डावरनं,” ते हळू आवाजात म्हणाले. “आता काय बी लिवायचं न्हाय. नुसतं बघायचं.”

मला रडू फुटलं. खाली मिरच्यांचं नवं पोतं ओतलं होतं, वर सगळेच डोळे पुसत होते.

“रडायचं आसंल तर आत्ताच रडून घे,” सर म्हणाले. “सगळीच रडाय लागल्यात, कुणाला कळणार न्हाय. मग मला सांग, प्रोग्रॅम चालला तवा कुठं उभा हुता?”

“इथंच, सर.”

“चहा तुझ्याकडं. आता सांग. कुठं?”

मी डोकं लावलं. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मला ते माहीत नाही. मी फोटो कुठं ठेवायचे ते प्रोग्रॅमला सांगितलं होतं, पण ‘तू उभा आहेस तिथून आत’ अशा हिशोबानं. मी हातानं चालवला असता तर तो माझ्या फोल्डरात उभा राहिला असता. पण लाईट गेल्यावर मशीननं तो आपोआप चालू केला होता. मग तो मशीनच्या मुख्य वापरकर्त्याच्या घरात, म्हणजे त्याच्या फोल्डरात उभा राहिला असणार. मी चाचरत तसं म्हणाले.

“मग जा की त्या घरात.”

गेले. त्या घरातल्या फाईलींची यादी मागवली. स्क्रीन क्षणभर थांबला आणि मग नावं धावायला लागली. ती थांबेनात. वर सरकत राहिली, सरकत राहिली. शिरोळ, उलटी काठी, लग्नं, उलटी काठी, घराण्याचं नाव, उलटी काठी, नवरा-नवरी. एवढं सगळं मिळून एकाच फाईलचं नाव. लिनक्सच्या लेखी उलटी काठी म्हणजे फोल्डरचं दार नव्हे, नावातलं एक साधं अक्षर. त्यानं एकही फोल्डर न उघडता सगळ्या गावांची माणसं एकाच अंगणात आणून उभी केली होती. पण एकूण एक माणूस होता, आणि जत्रेत हरवणाऱ्या पोराच्या खिशात आई चिठ्ठी घालून ठेवते तसा प्रत्येकाचा पूर्ण पत्ता त्याच्या नावातच होता.

मी खुर्चीत बसले ती बसलेच. छातीवरचं ओझं उतरणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. त्याआधी तो नुसता बोलण्याचा भाग होता. मी हसत होते, नाक पुसत होते, आणि सरांचे पाय धरावेत असं अगदी मनापासून वाटत होतं. सर म्हणाले, “तुझ्या काठ्यांनीच घोळ केला आन् तुझ्या काठ्यांनीच वाचवलं. त्यात तुझी हुशारी काय न्हाय.” आणि बाहेरच्या खोलीकडं वळले.

“पावणं, चहा घेतलासा का? जरा येळ लागंल. आमच्याकडनं चुकी झालती. फोटो सापडल्यात, आता जागच्या जागी लावतोय.”

काकांनी घाबरून विचारलं, “गेलं न्हाईत न्हवं?”

“गेलं असतं तर मी चहाचं इचारलं असतं व्हय?”

पुढचे दोन तास सर माझ्या शेजारी बसले. मी पत्त्याचे तुकडे केले आणि तयार सोयीच्या हाती दिले. या वेळी कॉपी, आणि मूळ जागच्या जागी. मग तिन्ही भावांच्या घरी जाऊन एकेक गाव उघडून पाहिलं. तिघांकडंही माणसं भरलेली. पाचच्या सुमाराला मी उठले आणि म्हणाले, “काकांना आत बोलावतो, सर.”

“बोलीव. आन् त्येंच्या आधी एक उघड मला,” सर म्हणाले. मग नेहमीसारखा वरून पत्ता सांगितला. शिरोळ, लग्नं, एका घराण्याचं नाव, तिसरा फोटो. हे त्यांनी कुठं पाहून सांगितलं नाही.

फोटो उघडला. मांडवात उभं असलेलं जोडपं. नवरा उंच, किडकिडीत, मुंडावळ्यांच्या मागून कॅमेऱ्याकडं दोन पोती उचलायला सांगितल्यासारखा बघणारा. नवरी खाली बघत होती, पण ओठ घट्ट मिटूनही तिच्या गालांवर हसू आलेलं होतं. मी आधी त्या माणसाकडं आणि मग सरांकडं पाहिलं.

“तिच्या भावाच्या घरात भिंतीला हुता,” सर म्हणाले. “ती गेली तवा मी म्हटलं, ऱ्हाऊ दे तिच्या माहेरात. पाण्यात गेला. दुसरी कॉपी काढलीच नव्हती.”

डिस्क आली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी हा फोटो त्यावर आहे हे पाहून ठेवलं होतं. काढून मात्र घेतला नव्हता. लोकांच्या सामानातलं आपलं तेवढं आधी उचलणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला दुपार आठवली. मी रिकामी फोल्डरं दाखवत होते आणि हा माणूस नुसता चष्मा वर-खाली करत होता.

“सर, मला तवा का न्हाय सांगितलंसा?”

“सांगितलं असतं तर तू माझा एकच शोधत बसली असतीस. बाकीच्यांचं काय?”

काका कधी आत आले ते आम्हाला कळलं नव्हतं. ते आमच्या मागून वाकून स्क्रीन बघत होते.

“ह्यो आबांनी काढलेला,” ते म्हणाले. “दिवा मी धरला हुता. नवरीला हसू आवरंना. आबांनी तीनदा फोटो काढला, तवा कुठं ह्यो एक बरा आला.”

सरांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

“चारदा,” ते म्हणाले.